काळ्या मानेच्या क्रौंचांसाठी भूतानला

जून २०२४ मध्ये आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या गटावर एक निरोप आला. नोव्हेंबरमध्ये भूतानला अभ्यासदौरा, जागा आठ, विषय दोनच: काळ्या मानेचे क्रौंच आणि भूतानी हस्तकला, त्यातही विणकाम. खाली एक ओळ होती, ‘ज्यांना सगळं बघायचं आहे त्यांनी कृपया दुसरी सहल निवडावी.’ ती ओळ वाचून मी नाव दिलं. तेव्हा मी ५९ वर्षांची होते, शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मुलांना जीवशास्त्र शिकवताना स्थलांतराचा धडा पंचवीसेक वेळा तरी घेतला असेल, पण हिवाळ्यात येऊन उतरणारा क्रौंचांचा थवा स्वतः कधी पाहिलेला नव्हता. उजवा गुडघा कुरकुरत होता, बरोबर घरचं कुणी नव्हतं आणि तीन हजार मीटर उंचीवर मी आयुष्यात कधी राहिले नव्हते. तरीही जाऊन आले. जाण्याआधी मला जी माहिती कुणी एकत्र सांगितली नाही, ती इथे लिहिते आहे.

सगळ्यात जास्त दमवलं ते कागदपत्रांनी. भूतानला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक चालतं. आधार चालत नाही, पॅन चालत नाही. माझा पासपोर्ट दोन वर्षांपूर्वीच संपला होता, म्हणून मी निर्धास्तपणे मतदार कार्डाची प्रत पाठवली. जुलैच्या शेवटी ज्या एजंटकडे आमचं बुकिंग होतं त्यांचा फोन आला की कागद पूर्ण झाले, काळजी नको. ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा फोन. माझ्या कार्डावर माहेरचं आडनाव होतं आणि त्यांनी अर्ज आधारवरच्या नावाने भरायला घेतला होता. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्यातल्या कितीतरी जणींची ही अडचण असेल. मतदार कार्डातली दुरुस्ती फॉर्म ८ भरून होते, पण ती केव्हा होऊन येईल याची खात्री कुणी देईना. म्हणून मी सरळ पासपोर्टचा अर्ज केला. फी १,५०० रुपये. २९ ऑगस्टची वेळ मिळाली, आठवड्याने पोलीस पडताळणी झाली आणि २१ सप्टेंबरला पोस्टमन पाकीट घेऊन दारात उभा राहिला. ते तीन आठवडे फार वाईट गेले. रोज वाटायचं, आपल्यामुळे बाकीच्या सात जणांचं काही अडायला नको. सहल ठरवण्याआधी कार्ड आणि आधार शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा, एवढं माझं ऐका. बरोबर लहान मूल असेल तर त्याचा पासपोर्ट किंवा इंग्रजीतला जन्मदाखला लागतो.

परवान्याचा अर्ज ऑनलाइन जातो. आमचा १ ऑक्टोबरला गेला. एका काकांचा फोटो अस्पष्ट म्हणून परत आला, तो दुरुस्त केला, आणि १४ तारखेला सगळ्यांची पत्रं ईमेलवर आली. त्यांच्या दोन-दोन छापील प्रती काढल्या आणि एक प्रत पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली. तिचा पुढे बराच उपयोग झाला.

परवान्याबरोबर ‘शाश्वत विकास शुल्क’ भरावं लागतं. भारतीयांसाठी ते माणशी, दर रात्रीला १,२०० रुपये आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना काहीच नाही. आमच्या भूतानमधल्या रात्री नऊ, म्हणजे १०,८०० रुपये. सुरुवातीला मलाही ही रक्कम जड वाटली होती. क्रौंचांच्या फोबजिखा खोऱ्यात पोचल्यावर तसं वाटेनासं झालं. का, ते पुढे येईल.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, विमानाने बागडोगरा आणि तिथून गाडीने भूतानच्या सीमेवरचं जयगाव गाठलं. चहाच्या मळ्यांतून चार तासांचा रस्ता आहे. (रेल्वेने येणाऱ्यांना हासीमारा स्टेशन जवळ पडतं.) ती रात्र मुद्दाम भारताच्या बाजूला काढली. ५ तारखेला सकाळी चालतच सीमेपलीकडच्या, भूतानमधल्या फुएन्त्शोलिंगमध्ये शिरलो. गेटच्या अलीकडे रिक्षांचे भोंगे, पलीकडे एकदम शांतता. इमिग्रेशनच्या खिडकीवर बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, पासपोर्टवर शिक्का मारला. आमच्या आठ जणांना मिळून पाऊण तास लागला. घड्याळ अर्धा तास पुढे करायचं असतं, ते लगेच करून टाकावं.

तिथे आमचे भूतानी गाईड भेटले. पस्तिशीचे, गुडघ्यापर्यंतचा घो, म्हणजे तिथला पुरुषांचा पोशाख, घातलेले, आणि हिंदी आमच्यापेक्षा सफाईदार. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ला’ लावायचे. आपल्याकडे ‘जी’ लावतात तसा तो आदराचा प्रत्यय. ‘कुझुझाम्पो ला’ म्हणजे नमस्कार, ‘काडिन्छे ला’ म्हणजे आभार. हे दोन शब्द पहिल्या दिवशीच पाठ केले आणि दहाही दिवस वापरले.

राजधानी थिंफूपर्यंत दीडशेएक किलोमीटर, पण सगळा घाट. रिन्चेन्डिंगच्या नाक्यावर परवाना तपासला. तासाभरात मैदानातला उकाडा जाऊन गेदूच्या धुक्यात शाल पांघरावी लागली. वाटेत चुखाचा जलविद्युत प्रकल्प येतो. भारताच्या मदतीने उभा राहिलेला, ३३६ मेगावॉटचा. नद्यांपासून केलेली वीज आपल्याला विकणं हा या देशाचा मोठा उत्पन्नाचा मार्ग आहे, आणि ते पाणी टिकायचं तर डोंगरावरचं जंगल टिकायला हवं. किमान साठ टक्के भूमी कायम वनाखाली राहील, असं २००८ च्या राज्यघटनेतच लिहून ठेवलं आहे. दौरा नेणाऱ्या आमच्या सरांनी गाडीत हे सांगितलं तेव्हा मी वहीत उतरवून घेतलं. खिडकीतून बघितलं तर मैलोन्‌मैल झाडीच झाडी.

या दौऱ्याची पद्धत सांगते. सरांनी प्रत्येकाला एक कोरी वही दिली होती आणि पहिल्या रात्री एक प्रश्न ठरवायला सांगितला होता. दहा दिवस त्या प्रश्नाच्या मागे राहायचं. माझा प्रश्न साधा होता: हे क्रौंच खोऱ्यातल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात कुठे कुठे आहेत?

थिंफूचे दोन दिवस हस्तकलांचे. भूतानमध्ये पारंपरिक कला तेरा मानतात, त्यांना ‘झोरिग चुसुम’ म्हणतात, आणि त्या शिकवणारी सरकारी संस्था १९७१ पासून आहे. शनिवार-रविवारी तिथे वर्ग नसतात, म्हणून आमचे दिवस मुद्दाम बुधवार-गुरुवार ठेवले होते. चित्रकलेच्या वर्गात सतरा-अठरा वर्षांची मुलं जमिनीवर बसून बुद्धाचा चेहरा काढत होती. आधी उभ्या-आडव्या रेषांची जाळी, मग त्या मापात डोळे, नाक, ओठ. एक मुलगा एकच डोळा खोडून पुन्हा काढत होता. अर्ध्या तासात मी त्याला तो चार वेळा खोडताना पाहिलं. शिक्षक जवळ आले, काही बोलले नाहीत, फक्त त्याची पट्टी किंचित सरळ करून पुढे गेले.

दुपारी वस्त्रसंग्रहालय, आणि त्यानंतर एका विणकर बाईंकडे दीड तास. हा दीड तास मी कधी विसरणार नाही. त्यांचा माग म्हणजे कमरेचा माग. ताण्याचं एक टोक भिंतीजवळच्या लाकडी चौकटीला आणि दुसरं टोक बाईंच्या कमरेमागच्या चामडी पट्ट्याला. त्या मागे रेलल्या की धागे ताठ होतात, पुढे झुकल्या की सैल. त्यांचं शरीर हाच मागाचा अर्धा भाग. हातात एक टोकदार काडी, तिने ताण्याचे दोन-तीन धागे उचलायचे, रंगीत रेशीम घालायचं, पुन्हा दोन-तीन धागे उचलायचे. समोर नक्षीचा कागद नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी कपाळाला बोट लावलं. दीड तासात कापड साधारण बोटाच्या पेराएवढं पुढे सरकलं. बायकांचा पोशाख म्हणजे कीरा. तो अशा तीन पट्ट्या जोडून होतो, आणि भरगच्च रेशमी कीऱ्याला कित्येक महिने लागतात. पैठणीच्या किमतीवर घासाघीस करणाऱ्यांमध्ये मीही होते, हे तिथे बसल्या बसल्या आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी हातकागदाचा कारखाना. डॅफ्नी नावाच्या झुडपाची साल भिजवून, शिजवून, कुटून तिचा लगदा करतात. त्यात एका मुळाचा चिकट रस घालतात आणि चाळणीवर एक-एक पातळ थर उचलतात. या कागदाला ‘देशो’ म्हणतात. शंभर-दोनशे रुपयांत सुंदर कागद मिळतात, भेट द्यायला त्याहून चांगली वस्तू मला दिसली नाही. पैशांचं सांगायचं तर भूतानचा ङुल्त्रुम आणि आपला रुपया यांचं मूल्य सारखंच आहे आणि रुपये सर्रास चालतात. मी शंभराच्या नोटा नेल्या होत्या, कुठेच अडलं नाही.

८ तारखेला पुनाखाकडे निघालो. होंगत्शोच्या नाक्यावर पुन्हा परवाना, बाहेरच्या कप्प्यातली प्रत लगेच हाती आली. मग सुमारे ३,१०० मीटरवरची दोचुला खिंड आणि तिथले १०८ स्तूप. २००३ च्या लष्करी कारवाईनंतर राजमातेने ते उभारले. गर्दी स्तूपांपाशी होती, आम्ही पलीकडच्या झाडीत शिरलो. पिवळ्या चोचीचे निळे मॅगपाय लांब शेपट्या सांभाळत फांद्यांवरून उतरत होते. पुनाखाचा झोंग, म्हणजे किल्ला आणि मठ एकत्र असलेली वास्तू, १६३७-३८ मधला, फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर. ‘फो’ म्हणजे नर, ‘मो’ म्हणजे मादी. तिथे आतल्या मंदिरात फोटो काढायचा नसतो, टोपी काढायची असते आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात. एका ताईंना बाह्या आखूड म्हणून थांबवलं, माझी जादाची शाल कामी आली. बॅगेत एक शाल नेहमी वर ठेवा.

९ तारखेला वांगदूवरून पुढे गेलो. वांगदूचा झोंग २०१२ मध्ये आगीत जळून गेला होता, तो पुन्हा बांधून २०२२ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. थिंफूला तो मुलगा एक डोळा चार वेळा का काढत होता, ते मला इथे कळलं. झोंग पुन्हा उभा करायचा तर अशी शिकलेली माणसं हाताशी लागतात. मोठा रस्ता सोडून गाडी लावालाच्या खिंडीत चढली. रस्त्याकडेला याक चरत होते. खिंड उतरताच झाडी संपली आणि खाली पिवळसर तपकिरी, सपाट, बशीसारखं खोरं पसरलेलं दिसलं. फोबजिखा. उंची जवळपास २,९०० मीटर. गाडीत कुणी बोललं नाही.

आमची सोय तीन शेतकरी घरांत होती. मी ज्या घरात होते तिथे आजी, त्यांची लेक आणि नातू. लाकडी जिना इतका उभा की दोन्ही हातांनी धरूनच चढायचं. स्वयंपाकघराच्या मधोमध बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, घरातली सगळी ऊब तिच्याभोवती. जेवायला लाल भात आणि एमा दात्शी. म्हणजे मिरची आणि चीजची भाजी, जिच्यात मिरची हीच मुख्य भाजी असते. तिखट सोसत नसेल त्यांनी केवा दात्शी मागावी, ती बटाट्याची. बटाटा हेच या खोऱ्याचं नगदी पीक.

पहिल्या रात्री माझं डोकं ठणकलं, झोप लागेना. उंचीचा त्रास असणार हे ओळखून भरपूर कोमट पाणी प्यायले आणि सरांना लगेच सांगितलं. त्रास वाढला तर रात्रीच खाली उतरायचं, हे आधीच ठरलेलं होतं. सकाळी डोकं उतरलं. पण सांगायला संकोच करू नका, ‘बाकीच्यांची झोपमोड नको’ असा विचार अजिबात करू नका. रात्री तापमान शून्याखाली जातं. दोन जाड मोजे आणि थर्मल नसते तर माझं काही खरं नव्हतं.

पहाटे साडेपाचला अंधारातच निघालो. क्रौंच रात्री दलदलीतल्या उथळ पाण्यात उभ्याने झोपतात. आधी ऐकू आला तो आवाज. लांबून कुणी तुतारी फुंकावी तसा, आणि त्याला दुसरं उत्तर. उजाडलं तसे करड्या धुक्यात करडे ठिपके दिसू लागले. टेलिस्कोपमधून बघितलं तर अंग करडं-पांढरं, मान आणि डोकं काळं, डोक्यावर लालसर टिळा, शेपटीकडे काळ्या पिसांचा झुबका. त्यांच्यामध्ये काही पिल्लं, डोकी तपकिरी. नर, मादी आणि मध्ये एक पिल्लू अशा तिघांच्या कुटुंबाकडे मी तासभर बघत होते. आई चिखलात चोच खुपसायची, काहीतरी वर काढायची आणि बाजूला सरायची. पिल्लू त्याच जागी चोच घालायचं. वर्गात फळ्यावर मी ‘शिकलेले वर्तन’ असं लिहीत असे, ते हे.

हे पक्षी तिबेटच्या पठारावर घरटी करतात, थोडे आपल्या लडाखमध्येही. ऑक्टोबरच्या शेवटापासून इकडे येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परततात. हे खोरं २०१६ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. इथे विजेचे खांब दिसत नाहीत, कारण उडत्या क्रौंचांना तारा लागू नयेत म्हणून वीज जमिनीखालून आणली आहे. ही वीज येण्याआधी खोऱ्यात बरीच वर्षं अंधार होता. आजींच्या घरी हे विचारलं. लेकीने दुभाषाचं काम केलं. आजी म्हणाल्या, ‘वीज उशिरा आली तर काय झालं, ते आमच्याआधीपासून येतात.’ माझ्या वहीतल्या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं उत्तर. आणि त्या क्षणी १,२०० रुपयांचा विचार मनातून गेला. खांबांऐवजी जमिनीखालून वीज आणणाऱ्या देशाला माझ्याकडून एवढं गेलं तर जावं.

क्रौंचांना तिथे ‘थ्रुंग थ्रुंग’ म्हणतात. येताना आणि जाताना ते टेकडीवरच्या गांगते मठाला तीन प्रदक्षिणा घालतात, असं सगळेच सांगतात. मी आजींना विचारलं, तुम्ही पाहिलंय? त्यांनी बोटं वर केली, दोन. म्हणजे आयुष्यात दोनदा. बाकीच्या वेळी धुकं होतं म्हणाल्या.

११ नोव्हेंबर हा क्रौंच उत्सवाचा दिवस. दरवर्षी याच तारखेला, गांगते मठाच्या अंगणात. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचा जन्मदिवसही हाच. रॉयल सोसायटी फॉर प्रोटेक्शन ऑफ नेचर ही संस्था १९९८ पासून हा उत्सव भरवते. आम्ही सकाळी आठलाच जाऊन फरशीवर जागा धरली. उन्हात बसायचं असतं, खाली घालायला जाड काही न्या. मुखवट्यांचे नाच झाले, गाणी झाली, आणि मग शाळेतली मुलं क्रौंच होऊन आली. पांढऱ्या कापडाचे पंख, काळ्या मानेचा टोप, पुढे चोच. माझ्या अगदी जवळ, खांबाच्या आडोशाला, एक सात-आठ वर्षांचा मुलगा आपली वेळ येण्याची वाट बघत होता. त्याची चोच सारखी घसरत होती. त्याच्या बाईंनी तोंडातली टाचणी काढून ती चोच पक्की केली, त्याचे गाल पुसले आणि त्याला अंगणात ढकललं. तो गेला आणि पंख पसरून एका पायावर उभा राहिला. तोल गेला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. अशा किती मुलांचे गाल मी स्नेहसंमेलनाच्या दिवशी पुसले आहेत. दुपारी मठाखालच्या पायवाटेने दोन तास चालत दलदलीपर्यंत उतरलो, आणि तिथे खरे क्रौंच तशाच एका पायावर उभे होते.

१२ ला पारोला जाताना पूर्ण दिवस गाडीत गेला. १३ ला ताक्तसांग. मठ ३,१२० मीटरवर, पारोच्या खोऱ्यापासून सुमारे ९०० मीटर उंच कड्याला चिकटलेला, १६९२ मध्ये बांधलेला. घोडे अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच जातात आणि फक्त चढताना. मी अर्ध्यापर्यंत घोडा केला, पुढे दोन काठ्या घेऊन चालले. शेवटी शेकडो पायऱ्या आधी उतरायच्या आणि धबधब्यानंतर पुन्हा चढायच्या, हे माहीत असू द्या. मोबाइल आणि पिशवी दारातच जमा करावी लागते. सकाळी सातला निघून परत खाली यायला दुपारचे तीन झाले. गुडघा उतरताना दुखला, चढताना नाही. संध्याकाळी पारो छूच्या काठावर गोट्यांमध्ये इबिसबिल दिसला. करडा पक्षी करड्या दगडांत, हलला तेव्हाच कळलं.

१४ ला परत फुएन्त्शोलिंग, १५ ला रात्री घरी. २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं, त्याआधी पोचायचंच होतं.

खर्च असा आला: दौऱ्याचं शुल्क ६४,०००. त्यात राहणं, जेवण, गाडी, गाईड आणि प्रवेश तिकिटं. शाश्वत विकास शुल्क १०,८००, विमान १७,४००, जयगावची गाडी दोन्ही वेळची मिळून २,०००, पासपोर्ट १,५००. सिमकार्ड, घोडा, बक्षिसी, कागद आणि एक छोटं विणलेलं कापड धरून ९,३००. एकूण १,०५,०००. एकदम भरणं मला जमलं नसतं, जूनपासून तीन हप्त्यांत भरले.

आजींच्या नातवाला मी आमच्या सगळ्यांचा फोटो छापून पाठवला. गाईडमार्फत तो पोचायला दोन महिने लागले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याच गाईडने व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. मठाच्या अंगणातून काढलेला, पहाटेचा, पाऊण मिनिटाचा. पडद्यावर सगळं पांढरं धुकं, काहीच दिसत नाही. आवाज मात्र ऐकू येतात, डावीकडून, मग मागून, मग उजवीकडून, आणि पुन्हा डावीकडून. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘आजी म्हणाल्या, मॅडमना पाठवा ला.’